कुंकवाचा कॅमेरा

आमच्या घरात दोन मोठे कॅमेरे होते, एक लग्नाचा आणि एक मयताचा. पिण्याच्या पाण्याची घागर वेगळी आणि वापरायच्या पाण्याची वेगळी असते, तसंच हे, असं मी लहानपणी धरून चालले होते. फोटोग्राफर म्हटला की त्याच्याकडे दोन कॅमेरे असायचेच. सगळीकडे असं नसतं, हे मला लग्न होऊन साताऱ्याला गेल्यावर कळलं.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. सांगलीत गावभागात, नदीकडे उतरणाऱ्या बोळात आमचं घर, आणि पुढच्या खोलीत आबांचा स्टुडिओ. स्टुडिओ म्हणजे तरी काय, एक रंगवलेला पडदा, त्यावर आबांनी जन्मात न पाहिलेला राजवाडा आणि दोन हंस, एक खुर्ची, आणि उत्तरेकडची मोठी खिडकी. त्या काळी आमच्याकडची म्हातारी माणसं फोटोला भ्यायची. जिवंतपणी फोटो काढला की आयुष्य कमी होतं, हे डोक्यात पक्कं बसलेलं. मेल्यावर मात्र कमी व्हायला काही उरत नसे. मग म्हाताऱ्याला भिंतीला टेकवून बसवायचं, पटका बांधायचा, हार घालायचा, मुलंसुना दोन्ही अंगांना उभ्या करायच्या आणि आबांना बोलावणं धाडायचं. तिकडे तिरडी बांधून होईपर्यंत इकडे फोटो उरकायचा. सांगलीत कितीतरी घरांच्या भिंतींवर अजून असे आजोबा बसलेले आहेत. डोळे मिटलेले का, म्हणून कुणी विचारत नाही.

आता हाच माणूस तोच डबा घेऊन उद्या आपल्या पोरीच्या मांडवात उभा राहणार म्हटल्यावर बायका बिथरणारच. म्हणून आबांनी दोन डबे ठेवले. लग्नाच्या डब्याला भिंगाच्या वर, माणसाला कपाळ असतं तिथं, आई कुंकू लावायची. मांडवात शिरल्याशिरल्या कुणीतरी म्हातारी पुढे येऊन ते कुंकू बघून जायची, मगच नवरानवरी समोर बसायची. मयताच्या डब्याला कुंकू नव्हतं. आई त्याला घरात राहू द्यायची नाही. तो मागच्या पडवीच्या माळ्यावर, गोणपाटात. आबा त्याला मागच्या दारानं काढायचे, मागच्या दारानं आणायचे आणि आल्यावर डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय आई त्यांना चहासुद्धा द्यायची नाही.

एका साली कृष्णेला मोठा पूर आला. पाणी आमच्या बोळात चढलं. स्टुडिओतलं सगळं कमरेइतक्या पाण्यात गेलं, लग्नाचा कॅमेरासुद्धा. लाकूड वाळलं, डब्याचा घड्या-घड्यांचा भाता नवा शिवला, पण भिंग गेलं. फुटलं नव्हतं, आतल्या दोन काचांच्या मध्ये दुधासारखं पांढुरकं काहीतरी पसरलं होतं आणि पुसायला तिथं बोट पोचत नव्हतं. माळ्यावर ठेवलेला मयताचा कॅमेरा मात्र जसाच्या तसा राहिला. आईनं ज्याला घराबाहेर काढलं तोच वाचला, असं आबा मिशीत हसून म्हणायचे. आईला ते आवडायचं नाही.

नवं भिंग आणणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. आबांनी सुताराकडून दोन्ही डब्यांची तोंडं एका मापाची करून घेतली. भिंग बसवलेली पुढची छोटी फळी एकातून सरकवून काढायची आणि दुसऱ्यात बसवायची. म्हणजे डबे दोन, भिंग एक. सकाळी ज्या भिंगातून मढं बघितलं त्यातूनच संध्याकाळी नवरी. हे आबांना ठाऊक आणि मला ठाऊक. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून डार्करूममध्ये हाताखाली मी असायचे, आणि फळी बदलायचं काम माझं. आईलासुद्धा पत्ता नव्हता. ती आपली मनोभावे रिकाम्या डब्याला कुंकू लावत होती.

"भिंगाला काय कळतंय गं," आबा म्हणायचे, "म्होरं नवरा बसलाय का मढं? त्येला निस्ता उजेड कळतोय."

मी हसायचे. मला सगळ्यांचंच हसू यायचं तेव्हा. सातवीपर्यंत शिकले होते, आणि सातवी झालेल्या मुलीला जगात कळायचं काही बाकी राहिलेलं नसतं. पण गावात एखादी कोवळी पोर विधवा झाली, की माझं हसणं जिथल्या तिथं थांबायचं. तिचं लग्न आपणच टिपलेलं आहे का, हे मी आठवून बघायचे. बहुतेक वेळा असायचं. गावात दुसरं होतंच कोण? बोलायला कुणी नाही. भाकरी थापताना मनात यायचं, हे बाहेर फुटलं तर काय होईल? ज्या घरी पाळणा हलत नाही, ज्या घरी जावई गेला, ज्या घरी बाळंतीण राहिली नाही, त्या सगळ्या घरांतली माणसं आपल्या दारात येऊन उभी राहतील.

माझं लग्न साताऱ्याला झालं. माझ्या लग्नाचा फोटो नाही. सगळ्या गावाची लग्नं टिपणारे आबा त्या दिवशी कन्यादानाला बसले होते आणि आपल्या कॅमेऱ्याला दुसऱ्याचा हात लावू द्यायला ते तयार नव्हते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

नवरा पलटणीत होता. माणूस उंच, मितभाषी, जेवताना शेवटचा घास ताटात ठेवणारा. त्यांना मी धड ओळखायला लागले एवढ्यात पलटण निघायचा हुकूम आला. मलायात जायचं होतं. मलाया कुठं आहे ते घरात कुणालाच सांगता येईना, मलाही नाही. सासूबाई विधवा होत्या, हा एकुलता मुलगा. जाण्याआधी त्याचा वर्दीतला फोटो पाहिजे, असा त्यांनी धोशा लावला. साताऱ्यात फोटोवाले होते, पण व्याही फोटोग्राफर असताना परक्याकडे कशाला जायचं?

आम्ही तिघं सांगलीला आलो. सासूबाईंनी उंबऱ्यातूनच विचारलं, "पावणं, लगनाच्या क्यामेऱ्यानं काढणार न्हवं?"

"त्यानंच काढणार, विहीणबाई."

"न्हाई, मी आपली इचारती. लेकरू समुद्रापल्याड चाललंय. माझ्याकडं योकच हाय."

त्यांनी कुंकू डोळ्यांनी बघितलं. तेवढ्यावर भागलं नाही. आपल्या बोटानं चाचपून बघितलं. मी आबांकडे पाहिलं. त्या वाक्यानं त्यांचा चेहरा काही बदलला, असं मला तेव्हा वाटलं नाही. त्यांनी ही थाप शंभरदा मारलेली होती. मी सवयीनं फळी बदलायला डार्करूमकडे वळले, तर म्हणाले, "तू ऱ्हाऊ दे. जा, पावण्यांच्या च्याचं बघ." मला राग आला. माझ्याच नवऱ्याचा फोटो आणि मीच चुलीपुढं. आत सासूबाईंचा आवाज येत होता, हात सरळ ठेव, मान वर कर. मी चहात साखर जास्त घातली, रागानं.

फोटो साताऱ्याला पोचला तेव्हा हे बोटीवर होते. फोटो वाईट होता. आबांच्या हातून इतका वाईट फोटो मी कधी बघितला नव्हता. वर्दीच्या पितळी बटणांभोवती उजेडाची कडी पडलेली, धुक्यात कंदिलाभोवती पडतात तशी, आणि चेहऱ्यावर पीठ भुरभुरवल्यासारखा पांढुरका पडदा. नाक, मिशी, कपाळ, सगळं होतं आणि कशालाच कड नव्हती. सासूबाईंना त्याचं काही नाही. त्यांनी तो देवाजवळ ठेवला, कुंकवाच्या कॅमेऱ्याचा म्हणून. एक प्रत माझ्या ट्रंकेत. मी आबांना विचारलं तर म्हणाले, लढाईमुळं कागद बरा मिळत नाही, औषधं जुनी झालीत. पुढे त्यांची नजरच गेली, तेव्हा माझं मला वाटलं, खरं कारण हे. बिचाऱ्यांना दिसतच नसणार, आणि कबूल करायची लाज वाटली असणार.

बेचाळीसचं साल लागलं आणि पत्रं बंद झाली. पूर्वेकडची लढाई आपण हरलो एवढं चावडीवर कळलं. पोस्टमन आमच्या आळीत यायचा आणि आमचं घर आलं की पलीकडच्या अंगानं चालायला लागायचा. सासूबाई दारात बसूनच असायच्या. तो पुढे गेला की माझ्या कपाळाकडे बघायच्या. कुंकू जागेवर आहे ना, ते बघायच्या. मला त्या बघण्याची भीती बसली. पत्र नाही यायचं, म्हणून त्या देवाला बोल लावत होत्या, साहेबाला लावत होत्या. मला दिसत होतं, यांना भिंगाचं कळलं तर बोल लावायला आणखी एक माणूस मिळेल, आणि ते माणूस हाताशी आहे, याच घरात.

आणि खरं सांगायचं तर बोल लावणाऱ्या त्या घरात एकट्या सासूबाई नव्हत्या. त्या दिवशी फळी बदलायला मी नव्हते. पण चांगलं भिंग घरात एकच होतं. सातवी झालेल्या मला सगळं कळत होतं, भिंगाला काही समजत नाही, त्याला नुसता उजेड कळतो. तरी दुपारी धान्य निवडता निवडता मला ते भिंग दिसायचं, भिंतीला टेकवलेला म्हातारा दिसायचा, आणि त्याच वाटोळ्यात वर्दी घातलेला माझा माणूस.

अशात सांगलीहून निरोप आला. आबांना आता दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, काचबिंदू म्हणतात, कॅमेरे मार्गी लावायचेत, लेकीला थोडे दिवस पाठवा. सासूबाईंनी पाठवलं, पण निघताना म्हणाल्या, "त्यो कुंकवाचा क्यामेरा चांगल्या घरी पडू द्या. माझ्या लेकाचा शेवटचा..." आणि जीभ चावून गप्प झाल्या. ते वाक्य मला सांगलीपर्यंत पुरलं.

आबा खुर्चीवर बसले होते, गिऱ्हाइकाच्या. मान जरा वर, समोर कुणी कॅमेरा लावून उभं असल्यासारखी. "आलीस? ह्या तिन्ही पोरी उजवायच्या राहिल्यात बघ," म्हणाले. "इकायच्या न्हाईत. द्यायच्या. घर बघून द्यायच्या."

तिसरा म्हणजे छोटा, घडी घालून खिशात मावणारा, रोल घालायचा कॅमेरा. त्याला घर लगेच मिळालं. हळदीच्या पेठेतले एक जैन व्यापारी आबांचे जुने स्नेही. त्यांना नातवंडांचे फोटो काढायची हौस. ते आले, कॅमेरा उलटासुलटा करून बघितला आणि हळूच विचारलं, "आबा, भाता कशाचा हाय म्हणायचा? चामडं न्हाई न्हवं?"

"मेणकापडाचा. मीच बदललाय. खोकं तेवढं चामड्याचं हाय."

"मग खोकं तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या की. मंडळी खादीची पिशवी शिवतील."

रोलच्या फिल्मवर जो थर असतो तो जनावरांची हाडं आणि कातडी उकळूनच काढतात, हे आबांना माहीत होतं आणि मलाही. आबांनी माझ्या दिशेला तोंड करून भुवई उडवली. डोळे गेले तरी भुवई चालत होती. त्या महिन्यात आमच्या घरात कुणी हसलं असेल तर तेवढंच.

मयताच्या कॅमेऱ्याला गिऱ्हाईक मिळेल असं कुणाला वाटलं नव्हतं. पण मिरजेच्या एका दवाखान्यातले डॉक्टर आले. त्यांना शस्त्रक्रियेच्या आधीची आणि नंतरची अंगं टिपून ठेवायची होती. हा कशासाठी वापरत होतो ते आबांनी सरळ सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "आमच्याकडे येणारे निदान जिवंत असतात. कॅमेऱ्याला बदल होईल." त्यांनी काळं फडकं डोक्यावर घेतलं, खिडकीतून घाटाकडे भिंग रोखलं आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. "इतकं स्वच्छ भिंग मी या भागात बघितलं नाही," म्हणाले. टांग्यात कॅमेरा चढला आणि आईनं मागे उंबऱ्यावर पाणी ओतून केरसुणी फिरवली.

मी पाणी ओतलेल्या उंबऱ्यात उभी राहून वेगळ्याच विचारात होते. चांगलं भिंग तर गेलं. आता लग्नाचा कॅमेरा म्हणजे नुसता डबा. तो घ्यायला दुसऱ्या दिवशी कोरेगावचा एक पेंटर येणार होता, आबांचा राजवाडा आणि हंस रंगवणारा तोच. दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरत नव्हतं, त्याला फोटोचा धंदा सुरू करायचा होता. तो विचारणार, भिंग कुठाय. आई शेजारी उभी असणार. ती म्हणणार, हे काय, परवापर्यंत तर होतं. आणि मग एकेक धागा उसवत जाणार. कोरेगावहून साताऱ्याला बातमी जायला कितीसा वेळ?

मी आबांना म्हटलं, "उद्या त्याला काय सांगायचं?"

"काय सांगायचंय? देऊन टाकायचा."

"बिनभिंगाचा?"

ते उपरण्यानं तोंड पुसत बसले.

पेंटर सकाळीच आला. त्या दिवसांत चळवळीमुळं सगळीकडे पोलिसांच्या गाड्या फिरत होत्या, तारा तुटत होत्या. तिपाईचे पाय गुंडाळून नेले तर बंदुका समजून धरतील, म्हणून त्यानं ते झाकायला कडब्याची पेंढीच आणली होती. आईनं कॅमेऱ्याला ताजं कुंकू लावलं. पाटावर ठेवला. सासरी निघालेल्या लेकीची भरतात तशी त्याची खण-नारळानं ओटी भरली. डोळ्याला पदर लावला. मी भिंगावरचं कापड काढायला पुढे झाले.

कापड काढलं. भिंग जागेवर होतं.

माझी पहिली समजूत, आबांनी गुपचूप कुठून तरी दुसरं पैदा केलं. पेंटर म्हणाला, "बघू का यकदा?" मी म्हटलं, थांबा, आधी मी बघते. काळं फडकं डोक्यावर घेतलं. खिडकीत पितळेचा तांब्या होता. मागच्या दुधी काचेवर तो उलटा दिसला, आणि त्याच्याभोवती उजेडाचं कडं. खिडकीचे गज पिठात बुडाल्यासारखे. मी पुढे-मागे केलं, भाता ताणला, आखडला. कडं हलेना.

ते कडं मी ओळखत होते. माझ्या ट्रंकेत होतं ते, सहा बटणांभोवती.

ते पुरात बुडालेलं जुनं भिंग होतं. आबांनी ते अडगळीतून शोधून, स्वतःच्या हातानं फळीवर बसवून, फक्त एका फोटोसाठी लावलं होतं. त्यानंतर लग्नाचा कॅमेरा उघडलाच गेला नव्हता. नजर अधू झाली, मांडवातली कामं सुटली, आणि घाईघाईची एकदोन बोलावणी आली ती मयताचीच.

पेंटरला मी खरं ते सांगितलं, भिंगात दूध आहे, पुराचं आहे. त्यानं बघितलं आणि म्हणाला, "चालंल की. नवऱ्या गोऱ्या दिसतील." ओटीतला नारळ आणि डबा घेऊन तो गेला.

आई आत गेल्यावर मी आबांसमोर बसले. "ह्यांचा फोटो त्या भिंगानं काढलात?"

त्यांनी तोंड माझ्या दिशेला वळवलं. मग म्हणाले, "लोकांच्या पोरींच्या येळंला मी हसलो गं. कवा काय वाटलं न्हाई. विहीणबाई म्हनल्या, माझ्याकडं योकच हाय... आन् तू दारात हुबी, हिरवा चुडा भरून. फळी हातात घेतली, पर हात धजावंना." पुढे म्हणाले, "दिसत हुतं मला, खराब येणार ते. म्हनलं, येऊ दे खराब. मानूस परत येईल, तवा चांगला काढू."

त्यांच्यावर रागवायला हवं होतं. शंभर घरच्या मुलींना एक भिंग आणि स्वतःच्या मुलीला दुसरं, हा कुठला न्याय? पण मला बरं वाटलं. लाज वाटावी इतकं बरं वाटलं. म्हणजे त्या वाटोळ्यात माझा माणूस कधी बसलाच नव्हता. मी साताऱ्याला परत गेले ती ताठ मानेनं. पोस्टमन पलीकडून गेला तरी मला काही वाटेनासं झालं. पत्र नाही तर नाही, माणूस येणार. सासूबाईंच्या बरोबरीनं मीही त्या फोटोला फूल वाहायला लागले. सातवी शिकलेली बाई म्हणजे मी ही.

आबा पुढच्या वर्षी वारले. त्यांचा फोटो काढायला घरात कॅमेरा नव्हता, आणि आई म्हणाली, बरं झालं.

लढाई संपली. सरकारी कागद आला, त्यात बेपत्ता असं होतं. मेला असं नव्हतं. सासूबाईंनी तो कागद वाचून घेतला आणि घडी करून दिला. "बेपत्ता म्हंजी पत्ता गावत न्हाई. मानूस हाय."

त्याच सुमाराला कोरेगावचा पेंटर साताऱ्याच्या मंडईत भेटला. धंदा चालला होता. आनंदानं सांगत होता, कोल्हापुरातल्या एका चष्मेवाल्यानं ते भिंग गरम करून उकललं, दोन काचांमधला चिकट थर तेवढा फाटला होता, पुसून पुन्हा डकवून दिलं. अर्ध्या दिवसाचं काम. "आता आरशावानी हाय बघा. आबांनी कवाच करून घ्याचं हुतं." मी हो म्हटलं आणि भाजी न घेताच घरी आले.

मलायात कैदी झालेले शिपाई हळूहळू परतायला लागले. सासूबाई देवाजवळचा फोटो पदरात बांधून गावोगाव जायच्या आणि मी बरोबर. कुणाला काही माहीत नसे. मग कळलं, कडेगावच्या पुढं एका वस्तीवर एक जण परत आलाय, त्यानं तिकडे सातारा भागातल्या एका शिपायाला माती दिली म्हणतात. नाव त्याला ठाऊक नाही. आम्ही गाडी करून गेलो.

माणूस अंगणात बसला होता. तरणा असेल, पण दात पडलेले. त्याची बायको आत चुलीशी. तो म्हणाला, "दुसऱ्या क्यांपातनं आणून टाकला हुता त्येला, तापात. शुद्ध न्हवती. मराटी बरळत हुता म्हनून मी बसलो जवळ. कृष्णाकाठ, कृष्णाकाठ म्हनायचा. दिसभर मांडीवर घेतला. सांजच्याला गेला." सासूबाई लेकाची उंची, मिशी सांगायला लागल्या, तेव्हा म्हणाला, "आवं, वर्णन करून न्हाई कळायचं. तवा समद्यांचीच हाडं झाली हुती. पर त्यो चेहरा मी इसरनार न्हाई. मलाबी पायजेल हाय, कुणाचा हुता त्यो. फोटू हाय का?"

सासूबाईंनी गाठ सोडली. फोटो देताना म्हणाल्या, "नीट बघ, लेकरा. कुंकवाच्या क्यामेऱ्यानं काढलाय."

त्यानं बघितला. उठून उन्हात गेला, तिरपा धरला. बोटानं धूळ पुसावी तसा पुसला. पुन्हा सावलीत आला, डोळ्यांशी नेला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, ती धूळ नाही, पुसली जाणार नाही, ते माझ्या बापाचं प्रेम आहे. आबांनी नेहमीची थाप मारली असती, नेहमीचं भिंग लावलं असतं, तर या माणसाला एक नजर पुरली असती.

"बटनं दिसत्यात," तो म्हणाला. "चेहरा..." आणि थांबला. "कपाळ वाटतंय जरा..." माझ्याकडे बघितलं, माझ्या कपाळाकडे. "न्हाई. न्हाई सांगत मी. बाईमानसाच्या कपाळाचा सवाल हाय."

त्यानं फोटो सासूबाईंच्या हातात परत दिला. त्या हसल्या. खरंच हसल्या. "मी म्हनलं हुतं न्हवं? त्यो न्हवंच." त्यांना मी भिंगाचं कधी सांगितलं नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही.

आम्ही निघालो. सवाष्ण दारातून जाताना तिला कुंकू लावल्याशिवाय आमच्याकडे सोडत नाहीत. त्या माणसाची बायको करंडा घेऊन बाहेर आली, झाकण उघडलं, बोट बुडवलं आणि माझ्या कपाळापर्यंत आणून थांबली. तिनं नवऱ्याकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली.

"लाव की गं," सासूबाई म्हणाल्या. "थांबलीस का?"

तिनं लावलं. ते जरा वाकडं लागलं. मी गाडीत बसले, गाडी वस्तीच्या बाहेर पडली, आणि मागे वळून बघितलं तर तो तसाच बसला होता. त्यानं अजून मान वर केली नव्हती.